आधी जेव, मग बोलू

प्रिय दादा,

हे पत्र मी तुझ्या खुर्चीत बसून लिहितोय. चिडू नकोस! कारखान्याच्या स्टोअरमधली ती खुर्ची, जी डावीकडे कलते आणि जिच्यावर तू वहिनींच्या जुन्या साडीची उशी ठेवली होतीस. उशी अजून आहे. गेल्या सोमवारपासून इथे मी बसतो. जेवणाची सुट्टी झालीय, डबा समोर आहे. पण आज प्रशिक्षणाच्या खोलीत तुझ्या फोटोखालची ओळ बदलली, आणि ते तुला सांगितल्याशिवाय डबा उघडवेना.

तू असतास तर म्हणाला असतास, “आधी जेव, मग बोलू.” जन्मभर तेच म्हणालास. दहावीला गणितात गटांगळी खाऊन मी राहुरीच्या घराच्या पायरीवर तोंड लपवून बसलो होतो, तेव्हा तेच. डिप्लोमा करून पहिल्यांदा चेन्नईला आलो, चुकीच्या स्टेशनवर उतरलो, तुला तीन तास उन्हात ताटकळत ठेवलं, तेव्हाही तेच. तुझा चेहरा लालबुंद झाला होता आणि पिशवीतून तू चिंचेच्या भाताचा डबा काढलास. मी माफी मागायला लागलो की तू हात वर करायचास, “पोदुम!” पुरे झालं हे सांगायला तुला तमिळच लागायचं.

तुझ्यामुळेच मी इरुंगाट्टुकोट्टैच्या या कारखान्यात लागलो. तू इथला डाय फिटर, पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे साचे बसवणारा. प्रेस बिघडला की सगळे आधी “सामुएल अण्णा कुठायत?” विचारायचे. पहिल्याच दिवशी तू मला बाजूला घेतलंस आणि खिशातून लाल कुलूप काढून माझ्या तळहातावर ठेवलंस. आठवतं? म्हणालास, “विनू, यंत्रात हात घालायच्या आधी मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं. किल्ली आपल्या खिशात. कुलपावर आपला फोटो. दुसऱ्याच्या कुलपाला मालकानेही हात लावायचा नाही. कारण त्या कुलपामागे कुणाचा तरी हात असतो.”

मी मान डोलावली होती. अगदी जोरात.

आणि नऊ वर्षांपूर्वी, शिफ्ट इन्चार्ज होऊन मला जेमतेम दोन महिने झाले असताना, मी तुझं कुलूप काढलं.

दादा, आपण दोघांनी हे एकमेकांशी कधी नीट बोललंच नाही. म्हणून आज सगळं लिहितो. त्या दिवशी चार नंबरचा प्रेस बंद होता. वरून फोनवर फोन येत होते. स्विचवर तुझं कुलूप, आणि तू कुठे दिसेनास. त्याच्या महिनाभर आधी तू एकदा कुलूप तसंच ठेवून किल्ली खिशात घेऊन कंपनीच्या बसने घरी गेला होतास. सगळी शिफ्ट तुझ्या नावाने बोटं मोडत बसली होती! मला वाटलं, आजही तसंच. तू जेवायला गेला असशील. मी एकदा हाक मारली. त्या गोंगाटात ती मलासुद्धा ऐकू आली नाही. नियम असा होता की यंत्राला फेरी मारून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग दोघांच्या सह्यांनी कपाटातली जादा किल्ली काढायची. फेरी म्हणजे वीस पावलं. मी ती वीस पावलं चाललो नाही, दादा. किल्ली एकट्याने काढली, कुलूप उघडलं आणि बटण दाबलं.

तू प्रेसच्या मागे होतास. पत्रा आत ओढणाऱ्या रोलरमध्ये तुझा उजवा हात होता.

तू ओरडलास तो आवाज मी लिहिणार नाही. पण त्यानंतर जे झालं ते लिहितो. लोक धावले. प्रेसवरच्या सेल्वमने डोक्याचा पंचा काढून तुझ्या हाताला गुंडाळला. मी पुढे आलो तेव्हा तुझं लाल कुलूप माझ्या मुठीत होतं, आणि तू ते पाहिलंस. माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मग कुलपाकडे. मी कुलूप खिशात टाकलं. का टाकलं, देव जाणे! आणि कुणीही काही विचारायच्या आत तू मोठ्याने म्हणालास, “मी कुलूप लावलंच नव्हतं. माझीच चूक.”

दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं.

इस्पितळात मी तुझ्या खाटेशी रडत म्हणालो, “दादा, मी जाऊन सांगतो.” तू म्हणालास, “काय सांगशील? दुसऱ्याचं कुलूप काढलं तर त्याच दिवशी घरी पाठवतात. वर पोलीस. तुझ्या रूथला सातवा महिना आहे. तू सांगितल्याने माझी बोटं उगवणारेत का?” मग डावा हात वर केलास, “पोदुम. जे द्यायचं ते मी दिलं. आता घे आणि गप्प बस.”

मी गप्प बसलो. पण घेतलं मात्र नाही. यातच माझं सगळं चुकलं.

तुझ्यावरही माझा राग आहे बरं का! तू माझ्यासाठी खोटं बोललास, आणि ते खोटं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. तुला ठाऊक होतं का, त्याचं पुढे काय होणार? वर्षभरात कंपनीने तुझ्या बँडेज बांधलेल्या हाताचा फोटो सुरक्षा प्रशिक्षणाच्या स्लाइडवर टाकला. खाली तमिळमध्ये आणि इंग्रजीत ओळ, ‘यांनी कुलूप लावलं नाही.’ आणि दर वर्षी नवी भरती झाली की ती स्लाइड दाखवून बोलायचं कुणी? शिफ्ट इन्चार्जने. म्हणजे मी! आठ वर्षं, आठ भरत्या. आठ वेळा पडद्यावरच्या तुझ्या हाताला काठी लावून मी म्हणालो की हा माणूस निष्काळजी होता.

आणि तू तेव्हा तिथून पन्नास पावलांवर, याच खुर्चीत, नटबोल्टच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असायचास. डाय फिटरचा स्टोअरकीपर झालास. इतकं सोपं नव्हतं ते तुलाही. एकदा डाव्या हाताने कानस चालवायला गेलास, जमेना, आणि तू ती भिंतीवर फेकलीस. मी दारात होतो. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि त्या क्षणी तुझ्या डोळ्यांत मला राग दिसला, खरा राग. मग तू वाकून कानस उचललीस, पुसलीस, जागेवर ठेवलीस आणि विचारलंस, “डबा खाल्लास का?” दादा, लोक कृपा म्हणजे फुकट म्हणतात. मला फुकट होती. तुला तिची किंमत रोज मोजावी लागत होती, शर्टाचं बटण लावताना, सही करताना, कानस उचलताना. वधस्तंभाकडे मी लहानपणापासून बघत आलो, दर गुड फ्रायडेला काळी पट्टी लावून बसलो. पण दुसऱ्याचा दोष अंगावर घेतलेला माणूस कसा दिसतो, ते मला त्या कानशीपाशी कळलं.

कळलं, आणि तरी मी हात पुढे केला नाही!

तुला आपल्या आईची रीत आठवते ना? शेजारच्या काकूंशी नळावरून भांडण झालं की आई प्रभुभोजन घ्यायची नाही. भाकर समोर आली की मान हलवायची. “मन साफ नाही, मी पात्र नाही,” म्हणायची. मग काकूंशी गोडीगुलाबी झाली की पुढच्या महिन्याला आई पुन्हा पहिल्या रांगेत. आपल्याकडे सगळेच तसे. मीही तसाच शिकलो, की आधी पात्र व्हायचं, मग घ्यायचं. अपघातानंतरच्या पहिल्या रविवारी मी मान हलवली, आणि मग हलवतच राहिलो.

इथली आपली मराठी मंडळी ती किती, आठ कुटुंबं! महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता तमिळ चर्चचा बाजूचा हॉल आपल्याला मिळतो. पाळक तमिळ, आशीर्वाद मात्र हट्टाने मराठीत देतात आणि ‘ळ’ आपल्यापेक्षा झकास म्हणतात. वहिनींनी केलेल्या बिनमिठाच्या चपातीचे तुकडे, उकळलेला द्राक्षरस, आणि थाळी घेऊन रांगेरांगेतून फिरणारा तू. डाव्या तळव्यावर थाळी, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि उरलेली दोन बोटं तिच्या काठाला. सगळ्यांना देत देत तू शेवटच्या रांगेत माझ्यापाशी यायचास आणि थांबायचास. मी मान हलवायचो. तरी तू थांबायचास. मला वाटायचं आता सगळे बघताहेत, जा ना बाबा पुढे! तू चांगला दोन-तीन श्वास थांबून मगच जायचास. शंभराच्या आसपास पहिले रविवार झाले असतील. एकदाही तू न थांबता गेला नाहीस.

एकदा मात्र तू हळूच बोललास. “विनू, हे प्रगतिपुस्तक नाही. जेवण आहे.” मी म्हणालो, “आधी मला सगळं सांगून टाकू दे, मग घेईन.” तर तू काय म्हणालास? “आधी जेव, मग बोलू.” मी तेव्हा चिडलो होतो. मला वाटलं, तू नेहमीसारखी थट्टा करतोयस.

माझं काय चाललं होतं ते तुला दिसत होतंच. दर शनिवारी वेलचेरीहून अंबत्तूरला तुझ्या घरी गाडी हाणत यायचं. पाण्याचे कॅन वर चढव, पंखे पूस, वहिनींचं दळण आण, तुझ्या चपलेचा अंगठा शिवून आण. तू म्हणायचास, “अरे, भाऊ म्हणून ये की! गडी म्हणून कशाला येतोस?” पण भाऊ म्हणून यायचं तर मोकळ्या हातांनी यावं लागतं, आणि ते माझ्याने होत नव्हतं. रूथला सगळं ठाऊक होतं. ती सांगून सांगून थकली.

मग या जानेवारीत तू गेलास. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, आणि इस्पितळात पोचेपर्यंत संपलं. मी पोचलो तेव्हा तुझा उजवा हात चादरीबाहेर होता. मी तो धरून बसलो. पहिल्यांदाच, नऊ वर्षांत.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. थाळी तुझ्याऐवजी मंडळीतल्या दुसऱ्या एका भावांनी घेतली होती. माणूस सज्जन, माझी सवय त्यांना ठाऊक. ते शेवटच्या रांगेत आले, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नजर वळवली, आणि माझ्यासमोरून सरळ पुढे गेले.

दादा, थाळी थांबली नाही!

मी मान हलवायला तयार बसलो होतो आणि मान हलवायला समोर कुणी नव्हतं. मी तिथेच हुंदके देऊन रडलो. लोकांना वाटलं तुझ्या आठवणीने रडतोय. नऊ वर्षं मी समजत होतो की मी प्रभूच्या मेजापासून लांब राहून शिक्षा भोगतोय. आणि इथे मेजच दर महिन्याला उठून माझ्या रांगेपर्यंत येत होतं. तुझ्या तीन बोटांच्या आधाराने येत होतं. आणि मी त्याला परत पाठवत होतो, पात्र व्हायचंय म्हणून! अरे, पात्र झाल्यावर कृपा कशाला लागते?

मार्चमध्येही मी तसाच बसून राहिलो. पण या वर्षी पुनरुत्थानाचा रविवार आणि महिन्याचा पहिला रविवार एकच आला. चार वाजता हॉलमध्ये नुसती भट्टी पेटली होती. सकाळच्या तमिळ उपासनेतल्या मोगऱ्याच्या माळा खिडक्यांना तशाच लटकत होत्या. पाळकांनी “प्रभू उठला आहे!” म्हटलं, आणि आपल्या आठ कुटुंबांनी “खरोखर उठला आहे!” असं काही गर्जून म्हटलं की बाहेर फुटबॉल बघत बसलेले दोन आजोबा दारात येऊन उभे राहिले. भाकरीची वेळ आली. थाळी माझ्या रांगेत आली आणि मी उभाच राहिलो. वाट अडवून! भाऊ दचकले. मी दोन्ही हात पुढे केले.

मी काहीही कबूल केलेलं नव्हतं, दादा. वहिनींना नाही, कंपनीला नाही. तुझी बदनामी करणारी स्लाइड जिथल्या तिथे होती. कुलूप माझ्या कपाटात मोज्यांच्या मागे होतं. जसा होतो तसा, मळक्या हातांनी मी घेतलं. तो चपातीचा तुकडा तोंडात घातला आणि काय सांगू! मला वाटलं होतं घशात अडकेल. तो साधा चपातीसारखा लागला, आणि मला लहान मुलासारखी भूक लागली. रूथने माझा हात इतका दाबला की दुखला. शेवटचं भजन मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की माझ्या लेकीने कानांवर हात ठेवले.

आणि मग बोललो. तुझ्याच क्रमाने.

उपासना संपल्यावर वाटेत घरून कुलूप घेऊन आम्ही वहिनींबरोबर अंबत्तूरला गेलो. मी खिशातून लाल कुलूप काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. वहिनी कुलपावरच्या तुझ्या फोटोकडे बघत राहिल्या. मग भडकल्या. “नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्यांना धांदरट म्हणत आले, भाऊजी! चष्मा विसरले की मी म्हणायचे, कुलूप विसरलात तसाच विसरलात ना! आणि हा माणूस नुसता हसायचा! तुम्हीही इथे बसून माझ्या हातचं खात होतात आणि ऐकत होतात?” मला बोलल्या, तुला बोलल्या, भिंतीवरच्या तुझ्या फोटोसमोर उभं राहून तुझी चांगली खरडपट्टी काढली. मग आत गेल्या. भांड्यांचा असा आवाज आला की रूथ घाबरली. बाहेर आल्या त्या ताट घेऊन. माझ्यासमोर आदळलं. “आधी जेवा,” म्हणाल्या. “मग तुमच्याशी बोलते.”

मी जेवलो. मग त्या बोलल्या, तासभर. एकही शब्द कमी केला नाही. शेवटी डोळे पुसले आणि विचारलं, “कंपनीत कधी सांगणार?”

गेल्या महिन्यात नवी भरती झाली. चाळीस जण खोलीत, मागे उभा सेल्वम. आता तो यंत्र चालवायला शिकवतो, केस पांढरे झालेत. तुझी स्लाइड आली. मी काठी खाली ठेवली. म्हणालो, “या माणसाने कुलूप लावलं होतं. ते मी काढलं. हे बघा ते कुलूप.” आणि वर धरलं.

मागून सेल्वम ओरडला, “अण्णा पूट्टु पोट्टारु! मी म्हणत होतो ना, अण्णांनी कुलूप लावलं होतं!” दादा, तो नऊ वर्षं हेच म्हणत होता म्हणे, आणि लोक त्याला हसायचे. तो टाळ्या वाजवायला लागला. रडत होता आणि टाळ्या वाजवत होता. नवीन पोरांनाही काय समजलं कोण जाणे, तीही वाजवायला लागली. तुझ्या त्या बँडेजवाल्या हातासाठी अख्खी खोली टाळ्या वाजवत होती!

कंपनीने मला पंधरा दिवस घरी बसवलं, चौकशी केली, सगळं लेखी घेतलं. इन्चार्जपद गेलं. नोकरी राहिली, पण इथे, तुझ्या खुर्चीत. साहेबांना वाटतं ही शिक्षा आहे. वहिनींना पत्र गेलंय, की त्या अपघातात तुझा काही दोष नव्हता. त्यांनी ते फ्रिजवर लावलंय, आणि पाण्याचे कॅन आणणाऱ्यालासुद्धा वाचून दाखवतात. तुझं कुलूप प्रशिक्षणाच्या खोलीत काचेत टांगलंय. आणि तुझ्या फोटोखाली आज सकाळी नवी ओळ आली, ‘यांनी कुलूप लावलं होतं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू नका.’ मी तीनदा जाऊन वाचून आलो.

एक राहिलंच. पाळकांनी परवा विचारलं, थाळी फिरवशील का? मी म्हणालो, “मी? नऊ वर्षं मान हलवणारा?” ते म्हणाले, “म्हणूनच विचारतो.”

तर दादा, हे माझं तुला वचन. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून थाळी मी धरीन. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, हे मी एक दिवसही विसरणार नाही. शेवटच्या रांगेत सध्या एक गृहस्थ बसतात, नागपूरकडचे, नवे आलेत. भाकर आली की मान हलवतात. का, ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. पण त्यांच्यासमोर मी थांबेन. दोन-तीन श्वास, तुझ्याएवढाच. दर महिन्याला, शंभर वेळा लागले तर शंभर वेळा. थाळी पुन्हा कुणासमोरून न थांबता जाणार नाही.

चल, सुट्टी संपत आली. डबा उघडतो. आज रूथने चिंचेचा भात दिलाय. आधी जेवतो, मग तिकडे भेटलो की निवांत बोलू.

तुझाच भाऊ (गडी नव्हे),
विनू